पहिला श्रोता

आमचे एक जुने स्नेही रामबागेत राहतात. घराणे पूर्वापार इंदूरचे. होळकरांच्या अमदानीत मूळपुरुष इकडे आला तो इथलाच झाला. घरात आजवर शिक्षक झाले, वकील झाले, बँकेतले अधिकारी झाले, एक चुलत आजोबा तर कीर्तनकारही होऊन गेले. त्यामुळे कोणत्या व्यवसायाला काय म्हणावे आणि त्याची पत किती, हा प्रश्न त्या घराला कधी पडला नव्हता. तो गेल्या वर्षी पडला. स्नेह्यांचा नातू अभियांत्रिकीची पदवी घेऊन चांगल्या नोकरीला लागला होता. दोन वर्षे नोकरी करून एके दिवशी त्याने राजीनामा दिला आणि रात्रीच्या जेवणाच्या पानावर जाहीर केले की, आपण आता ‘म्युझिक प्रोड्यूसर’ होणार.

पुढे घरात काय झाले ते वाचकांना सांगावयास नको. वडील चार दिवस बोलले नाहीत. आईने देवापुढचा दिवा जरा जास्त वेळ तेवत ठेवला. आजोबांनी मात्र आपल्या स्वभावाप्रमाणे आधी शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला.

“प्रोड्यूसर म्हणजे निर्माता. निर्माता म्हणजे सिनेमात पैसे घालतो तो. आपल्याकडे घालायला पैसे कुठे आहेत?”

“तसं नाही, आबा.”

“मग तू गाणार आहेस का?”

“नाही.”

“वाजवणार आहेस?”

“थोडंफार.”

“चाली तरी लावणार?”

“कधीकधी.”

“मग करणार काय?”

“आबा, मी गाणं तयार करून राहिलोय,” नातू आपल्या खास इंदुरी मराठीत म्हणाला. या उत्तराने कोणाचेच समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेह्यांचा आम्हांस निरोप आला : “तुमचं तो ऐकतो. येऊन त्याला दोन शब्द सांगा.”

दोन शब्द सांगावयाचे तर ते कशाविषयी सांगावयाचे हे आपणांस ठाऊक असावे, एवढी मर्यादा आम्ही पाळतो. म्हणून जाण्यापूर्वी आठ-दहा दिवस आम्ही या व्यवसायाची माहिती करून घेत होतो. तेव्हा ध्यानात आले की, त्या मुलाच्या आजोबांना पडलेला प्रश्न साऱ्या श्रोत्यांनाच पडावयास हवा होता. आपण जन्मभर गाणी ऐकतो. गायक कोण ते सांगतो, कवी कोण ते बहुधा सांगतो, संगीतकाराचे नाव अभिमानाने सांगतो. परंतु ते गाणे आपल्यापर्यंत यावे म्हणून ज्याने जिवाचे रान केले, त्याचे नाव आपल्याला विचारावेसेही वाटत नाही.

प्रथम कामांची वाटणी समजून घेऊ. चाल लावतो तो संगीतकार. त्या चालीभोवती कोणती वाद्ये कोठे वाजावीत, मधल्या जागा कशा भराव्यात हे लिहून काढतो तो संयोजक. अनिल मोहिले यांचे नाव या कामासाठी मराठी रसिकांना परिचित आहे. आवाज यंत्रावर स्वच्छ उतरवितो तो ध्वनिमुद्रक. आणि या सर्वांना एकत्र आणून, ‘हे गाणे करावयाचे आहे’ असे प्रथम म्हणणारा आणि ‘आता हे पुरे झाले’ असे शेवटी म्हणणारा जो, तो ध्वनिमुद्रिकेचा निर्माता. आपल्या देशाच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात त्याची व्याख्या आहे आणि ती आम्हांस फार आवडली. कृती घडविण्याचा पुढाकार आणि तिची जबाबदारी जो घेतो तो निर्माता, असा तिचा आशय आहे. पैशाचा शब्द त्या व्याख्येत नाही. पुढाकार आणि जबाबदारी या दोनच गोष्टी आहेत. व्यवहारात हा निर्माता म्हणजे बहुधा कंपनी ठरते, हा भाग निराळा. त्याकडे पुढे वळू.

हे काम आपल्या देशात केव्हापासून चालू आहे? १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा माणूस यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास आला आणि गौहरजान या विख्यात गायिकेचे गाणे त्याने तबकडीवर घेतले. गाणे संपताच गौहरजानने आपले नाव इंग्रजीतून मोठ्याने पुकारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार व्हावयाच्या होत्या आणि तेथील कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही युक्ती होती. समोर बसलेल्या गैसबर्गचे नाव मात्र त्या तबकडीत कोणी पुकारले नाही. त्या व्यवसायाची रीत तेव्हापासून आजपर्यंत साधारण तीच राहिली आहे.

त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे, फार तर थोडे अधिक गाणे मावे. मेणाच्या जाड तबकडीवर ते कोरले जाई. चूक झाली तर ती पुसता येत नसे, मेणाची नवी तबकडी घेऊन आरंभापासून गावे लागे. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत बसविणे म्हणजे वटवृक्षाला कुंडीत लावण्यासारखे होते. कोणी ते लीलया केले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या छोट्या तबकड्या आजही अंगावर काटा आणतात. परंतु सर्वांना ते मानवले नाही. ज्यांचे नाव घेताच जुने जाणकार कानाला हात लावीत, त्या भास्करबुवा बखल्यांचे १९२२ साली निधन झाले. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. तबकड्यांचा जमाना दोघांनीही पाहिला. दोघांचाही आवाज आज आपल्याजवळ नाही. कारणे काहीही असोत, परिणाम एवढाच की, त्यांच्या गाण्याविषयी आपण वाचतो आणि ऐकणे मात्र आपल्या नशिबी नाही.

आता आमच्या गावाकडे येऊ. उस्ताद अमीर खाँसाहेब इंदुरातच लहानाचे मोठे झाले. वडील शहामीर खाँ हे सारंगिये, त्यामुळे घरात गवई-वादकांची ये-जा असे आणि मुलाच्या कानांवर अनेक गायकींचे संस्कार झाले. ज्या गायकीसाठी खाँसाहेब पुढे ओळखले गेले ती अतिविलंबित लयीची होती. झुमरा हा चौदा मात्रांचा ताल ते इतका संथ ठेवीत की, एका आवर्तनाला पाऊण-एक मिनिट लागावे. आता वाचकांनीच हिशेब करावा. तीन मिनिटांच्या तबकडीत अशी आवर्तने मावणार किती? तीन, फार तर चार. म्हणजे सुरांनी पाऊल उचलावे न उचलावे तोच तबकडी संपणार. उमेदीच्या काळात त्यांच्या काही छोट्या तबकड्या निघाल्या होत्या खऱ्या, पण त्यांच्या गायकीचे खरे रूप त्या मापात मावणारे नव्हते.

१९४८ साली अमेरिकेत सावकाश फिरणारी दीर्घ तबकडी बाजारात आली. ती मिनिटाला ७८ ऐवजी ३३ फेरे आणि वर एक तृतीयांश घेई आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटे व किंचित अधिक संगीत राही. आपल्याकडे ती यावयास आणखी दहाएक वर्षे गेली. १९६० साली खाँसाहेबांची दीर्घ तबकडी निघाली. तिच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी होता. जाणत्या घरांतून ती आजही जपून ठेवलेली आढळते. १९७४ च्या १३ फेब्रुवारीस कलकत्त्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले. पुढे नभोवाणीच्या आणि खाजगी मैफलींच्या फितींतून त्यांचे बरेच गाणे बाहेर आले, हे आपले भाग्य. पण शांतपणे बसून, तबकडीसाठी म्हणून, मापात बसवून आणि तरीही मापाची जाणीव होऊ न देता गायिलेला तो मारवा निराळाच.

ती तबकडी ऐकताना आम्ही इतकी वर्षे खाँसाहेबांना दाद देत आलो आणि ती द्यावयासच हवी. परंतु या आठ-दहा दिवसांत ती पुन्हा लावली तेव्हा दुसरेच प्रश्न मनात आले. एका बाजूस सायंकाळ आणि दुसऱ्या बाजूस रात्र असावी, हे कोणीतरी ठरविले असेल. तबला गळ्यावर कुरघोडी करणार नाही इतकाच ऐकू यावा आणि तानपुरा सतत जाणवावा पण पुढे येऊ नये, हेही कोणाच्या तरी कानाने ठरविले असेल. वीस मिनिटे संपत आल्याची खूण गवयाला अशी करावयाची की त्याची समाधी मोडू नये, हेही कोणीतरी साधले असेल. हे सारे आपोआप होत नाही.

अशा माणसाचे काम कसे असते हे समजून घ्यावयाचे तर मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. जी. एन. जोशी हे नाव आमच्या वयाच्या वाचकांना आठवेल. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ गोड गळ्याचा होता. १९३२ साली ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता त्यांनी तबकडीवर गायिली आणि मराठी भावगीताच्या इतिहासाची सुरुवात पुष्कळजण तेथून धरतात. गायक म्हणून नाव झालेले असताना १९३८ च्या सुमारास ते एच. एम. व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या कामावर गेले आणि पुढे कित्येक वर्षे दुसऱ्यांचे गाणे तबकडीवर आणण्यात रमले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी त्या कलावंतांविषयी लिहिले आहे. स्वतःचा गळा बाजूस ठेवून इतरांच्या गळ्यासाठी झटावयाचे, हा त्याग लहान नव्हे. गाणे ठाऊक असलेल्या माणसानेच तो करावा लागतो, नाहीतर समोरच्याचे चुकले कोठे आणि साधले कोठे हे त्याला कळणार कसे?

जोशी यांच्या कामगिरीपैकी एक तर साऱ्या जगाने ऐकली. १९६७ साली त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाची दीर्घ तबकडी काढली. कलावंत तिघे होते. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्याच्या साथीस माणिकराव पोपटकर. तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. संतूर आणि गिटार ही वाद्ये रागसंगीतात चालतील की नाही याविषयी जाणकारांत तेव्हा वाद होता. कल्पना अशी की, काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस सुरांतून मांडावयाचा. पहाटे अहिरभैरव, मग नटभैरव, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. प्रत्येक कलावंताला एकट्याने रागविस्तार करावयाचा मोह झाला असता, पण येथे तिघांनी मिळून एक गोष्ट सांगावयाची होती. त्यात शास्त्र सांभाळावयाचे होते आणि राग न कळणाऱ्या माणसालाही पहाट झाल्याचे कळावयास हवे होते. ही तबकडी आज अर्धशतक उलटून गेल्यावरही देशात आणि परदेशात ऐकली जाते. तिच्यात जोशी यांचा एकही सूर नाही. आणि तरीही ज्याला निर्मात्याचे काम म्हणतात ते आरंभापासून अखेरपर्यंत त्यांचेच आहे.

नभोवाणीनेही असे पुढाकार घेतले. १९५५ च्या १ एप्रिलला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचे स्वर घरोघर पूजेसारखे ऐकले गेले. मात्र गदिमांकडे जाऊन, वर्षभर चालेल अशी काही मालिका लिहा म्हणून त्यांच्यामागे लागणारे सीताकांत लाड किती घरांना आठवतात? छप्पन्न गीते, दर आठवड्यास नवीन, आणि वार तर टळावयाचा नाही! योगायोग असा की, त्याच १९५५ साली आमच्या इंदुरातही आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि मालवा हाउसचे नाव येथील गाणाऱ्या-वाजविणाऱ्या घरांच्या तोंडी बसले.

एवढी शिदोरी बांधून आम्ही एका रविवारी दुपारी रामबागेत गेलो. मुलाची खोली माडीवर होती. खिडक्यांना आतून गोधड्या टांगलेल्या, जुन्या सतरंज्या भिंतींना खिळलेल्या. आवाज भिंतींवर आपटून घुमू नये म्हणून ही सोय, असे त्याने सांगितले. वैशाखाचे दिवस असूनही पंखा बंद होता, कारण पंख्याचा आवाज यंत्रात उतरतो. टेबलावर संगणक, एक मायक्रोफोन आणि दोन ध्वनिक्षेपक. एवढ्या सामग्रीवर आता जे होते त्यासाठी पूर्वी मुंबईचा स्टुडिओ आणि पंचवीस माणसे लागत. आम्ही घामाघूम होऊन बसलो.

“काय ऐकवतोस?” आम्ही विचारले.

त्याने आपल्या आजीच्या ओव्या लावल्या. आमच्या स्नेह्यांच्या पत्नी त्या. सासूकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या म्हणत. जाते घरातून केव्हाच गेले होते, ओव्या राहिल्या होत्या. चार पिढ्यांच्या माळव्यातील वास्तव्याने त्या ओव्यांत माळवी शब्द असे मिसळले होते की, पुण्यातल्या पाहुण्यांना अर्थ विचारावा लागे. आम्ही त्या मंगलकार्यांतून कितीदा तरी ऐकल्या होत्या. ध्वनिमुद्रण अत्यंत स्वच्छ होते. श्वास ऐकू येत नव्हता, खोकला नव्हता, प्रत्येक सूर जागच्या जागी होता. मागे तंबोऱ्यासारखा मंद नाद होता. ऐकून आम्ही म्हणालो, “छान झाले आहे,” आणि आमचेच आम्हांस जाणवले की, हे आपण मनापासून म्हटलेले नाही.

मुलगा हसला. म्हणाला, “आजीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, बाई छान गातेय, कोण रे ही?”

मग त्याने काय झाले ते सांगितले. १९९७ साली परदेशात सूर दुरुस्त करणारे ऑटो-ट्यून नावाचे साधन निघाले आणि आता तशी साधने सर्वांच्या संगणकांवर असतात. गाणाऱ्याचा सूर थोडा वर वा खाली गेला की ते साधन त्याला ओढून जवळच्या ठरलेल्या स्वरावर आणून बसविते. पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे सप्तकाचे बारा कप्पे आणि गळ्याने त्यांतच राहावयाचे. पण ओवी कप्प्यांत राहत नाही. ती एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, मध्ये रेंगाळत, जात्याच्या फेऱ्याबरोबर झुकत जाते. साधनाने ते सारे चूक समजून दुरुस्त केले होते.

आम्हांस एकदम खाँसाहेबांचा दरबारी आठवला. दरबारीतला गंधार हा स्थिर नसतो, तो आंदोलित असतो. आपल्या जागेवरून खाली झुकून हलकेच डोलतो आणि त्या डोलण्यातच दरबारीचे सारे गांभीर्य आहे. तो राग या साधनाच्या हवाली केला तर ते गंधाराला शहाण्या मुलासारखे ताठ उभे करील आणि दरबारी तेथल्या तेथे संपेल. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला जे शिकविले ते त्याने केले. ते कोठे वापरावे आणि कोठे त्याला हात लावू नये, हे ज्याला कळते तो निर्माता. आम्ही मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, “काका, ते मला कळलं, पण उशिरा कळलं. म्हणून मी पुन्हा केलं.”

त्याची हकीकत ऐकण्यासारखी होती. पहिल्या खेपेस त्याने आजीला या खोलीत एकटीला बसविले होते आणि कानांना यंत्र लावले होते. त्या बिचाऱ्या परीक्षेला बसल्यासारख्या गायिल्या. दुसऱ्या खेपेस त्याने उज्जैनहून आजीच्या धाकट्या बहिणीला आणविले. जात्यावर दोघी बसत, एकीने म्हणावयाचे आणि दुसरीने उचलावयाचे. ओवी ही एकटीची नव्हेच, हे त्याच्या ध्यानात आले होते. दोघींना त्याने खाली स्वयंपाकघरालगतच्या खोलीत जमिनीवर बसविले. समोर सुपात तांदूळ निवडावयास दिले, म्हणजे हातांना काम राहील. मायक्रोफोन दोघींच्या मध्ये, नजरेस पडणार नाही असा ठेवला आणि स्वतः दाराआड बसला. पहिला अर्धा तास दोघी बहिणी माहेरच्या गोष्टी बोलत होत्या. त्याने यंत्र चालू ठेवले आणि मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. मग केव्हातरी आपोआप ओवी सुरू झाली.

ती त्याने आम्हांस ऐकविली. मध्ये श्वास होते, सुपाची सळसळ होती, एके ठिकाणी बहीण शब्द विसरली आणि आजींनी हसत सांगितला, तेही होते. त्याने दोन तासांतून अठरा मिनिटे ठेवली होती. कोणती ठेवावयाची हे ठरविण्यास तीन आठवडे लागले, असे तो म्हणाला. अठराव्या मिनिटाला ओवी संपते, क्षणभर शांतता, आणि आजी दाराकडे पाहून विचारतात, “झालं का रे?”

“हे काढणार आहेस ना?” आम्ही विचारले.

“तेच ठरत नाहीये,” तो म्हणाला.

आम्ही दोन शब्द सांगावयास गेलो होतो, ते बरेचसे आमच्याजवळच राहिले. तरी व्यवहाराचे चार शब्द आम्ही बोललो आणि ते येथे लिहितो, कारण अशी मुले आता आपल्या पुष्कळ घरांतून आहेत. मराठीत व्यावसायिक आणि धंदेवाईक हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांतील अंतर आपल्या पूर्वजांनी विचार करूनच ठेवले असावे. केवळ पैशासाठी वाटेल ते करतो तो धंदेवाईक. पैसे घेतो, पण घेतलेल्या कामाशी बांधलेला असतो तो व्यावसायिक. जाहिरातीचे वीस सेकंदांचे गाणे असो, लग्नातले असो वा भजनाचा संच असो, दिलेल्या तारखेला ते द्यावयाचे. न आवडलेल्या गाण्यावरही आवडत्या गाण्याइतकेच कान लावावयाचे. गाणाऱ्याला ‘पुन्हा एकदा’ असे म्हणावयाचे ते असे की, त्याचा हुरूप खचू नये. आणि त्याची उत्तम खेप होऊन गेली असेल तर ती ओळखून थांबावयाचे. आमच्या मते यांतील शेवटचे सर्वांत कठीण आहे. गाणारा थकेपर्यंत गाववून घेणारे पुष्कळ असतात, आता झाले हे ओळखणारा विरळा.

दुसरी गोष्ट लेखी कराराची. जोशी यांच्याच काळी, त्याच समूहाच्या लंडनमधील स्टुडिओत बीटल्सच्या तबकड्या घडविणारा जॉर्ज मार्टिन हा पगारी नोकर होता. तबकड्या अफाट खपल्या, त्याला खपाचा वाटा मिळाला नाही. अखेर १९६५ साली नोकरी सोडून त्याने सहकाऱ्यांसह स्वतःची संस्था काढली. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मोबदल्यातील वाटा राखला गेला. परंतु ठोक रक्कम घेऊन खोलीत राबणाऱ्या निर्मात्याचा वाटा करारात लिहिला असेल तेवढाच असतो. म्हणून काम सुरू होण्याआधी कागद करावा. मित्राशी करावा, नातलगाशीही करावा. ‘आपल्यात कसला कागद’ हे वाक्य अनेक मैत्र्यांच्या मुळावर आले आहे. तिसरी गोष्ट मूळ ध्वनिमुद्रणाच्या प्रती दोन ठिकाणी ठेवण्याची. त्याने एक प्रत मावशीकडे ठेवलीच होती, तेव्हा तेथे आम्हीच विद्यार्थी ठरलो.

खाली आलो तेव्हा मुलाचे वडील वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. “सांगितलंत ना?” त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “सांगितलं. पण आधी तुम्ही वर जाऊन ऐकून या.” ते काही बोलले नाहीत आणि आमच्यासमोर तरी उठले नाहीत. त्यांची चिंता खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. महिनाअखेर ठरलेली रक्कम घरात येणे ही साधी गोष्ट नाही आणि या व्यवसायात ती ठरलेली नसते. मुलाने दोन वर्षांची मुदत मागून घेतली आहे आणि तोवर शनिवार-रविवार शिकवण्या करून घरखर्चास हातभार लावतो, हा त्याचा शहाणपणा.

गेल्या कार्तिकात आजी गेल्या. तेराव्याला आम्ही गेलो होतो. जेवणे उरकल्यावर, ग्वाल्हेर-बडोद्याहून आलेल्या लेकी-सुना ओसरीवर बसल्या असताना, मुलाच्या वडिलांनीच त्याला हाक मारली आणि “ते लाव,” म्हणून सांगितले. अठरा मिनिटे कोणी उठले नाही. उज्जैनची बहीण पदर तोंडाशी धरून आपल्याच आवाजाबरोबर पुटपुटत होती. शेवटी ती शांतता आली आणि तिच्यानंतर तो प्रश्न आला : “झालं का रे?”

मुलगा वडिलांना म्हणाला, “बाबा, प्रत्येकाला एक एक प्रत देणार आहे. पण हे शेवटचं काढायचं राहिलंय.”

“ते काढू नकोस,” वडील म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “वर नाव काय लिहिणार आहेस?”

“आजीचं आणि मावशीआजीचं,” तो म्हणाला.